पवित्र शास्त्र तेच, मग चर्चची मतं कशी बदलली?

सांगली हळदीच्या व्यापाराचं गाव, आणि व्यापार आला की व्याज आलंच. पतसंस्था, सोनेतारण, मुदत ठेवी. ख्रिस्ती कुटुंबंही या सगळ्यात आहेत. मंडळीच्या इमारत फंडाची रक्कम बँकेत ठेवली जाते, वार्षिक सभेत त्यावर किती व्याज मिळालं ते वाचून दाखवलं जातं आणि हिशेब मंजूर होतो. हे पाप तर नाही ना, असं कुणाच्या मनातही येत नाही.

आठशे वर्षांपूर्वीच्या युरोपात ते नक्की आलं असतं. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेने, ठरवलं होतं की उघडपणे व्याजाचा धंदा करणाऱ्याला प्रभुभोजन द्यायचं नाही, आणि तो तसाच मेला तर त्याला ख्रिस्ती रीतीने मातीही द्यायची नाही. 1311-12 च्या व्हिएन परिषदेने आणखी एक पाऊल टाकलं. व्याज घेणं पाप नाही असं हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी समजावं, असा निर्णय दिला. आधार सगळा पवित्र शास्त्राचा. निर्गम 22, लेवीय 25, अनुवाद 23 आणि स्तोत्र 15 या सगळ्या ठिकाणी व्याजाला विरोध आहे. यहेज्केल संदेष्टा 18 व्या अध्यायात व्याज घेणाऱ्याचं नाव लुटारू आणि व्यभिचारी यांच्या शेजारी घेतो. आणि लूक 6 मध्ये येशू म्हणतो, परत मिळण्याची आशा न ठेवता उसनं द्या.

या वचनांतलं एक अक्षरही बदललेलं नाही. तरी आज जगातलं कुठलंही मोठं चर्च बँकेच्या व्याजाला पाप म्हणत नाही. हे कसं झालं? आपल्या मंडळीतली कॉलेजात जाणारी मुलं हा प्रश्न विचारतात, शेजारची हिंदू-मुस्लिम मित्रमंडळी विचारतात. देव बदलत नाही म्हणता, वचन अढळ म्हणता, मग तुमची मतं का बदलतात? प्रश्न रास्त आहे. त्याला ख्रिस्ती लोकांनी दिलेली उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांशी जुळतातच असं नाही. ती शक्य तितकी साधी करून इथे मांडतो.

आधी व्याजाचंच पूर्ण पाहू, कारण त्यात बाकीची बरीच गुंतागुंत दिसते. मध्ययुगातल्या पंडितांचं म्हणणं असं की पैसा पेरला तरी उगवत नाही, म्हणून पैशावर पैसा मागणं निसर्गाविरुद्ध आहे. शिवाय उधारी म्हणजे वेळेची किंमत लावणं, आणि वेळ देवाची. पण व्यापार वाढला तसे पेच पडू लागले. पैसे उसने दिल्यामुळे देणाऱ्याचं नुकसान झालं तर त्याने भरपाई मागावी का? तेच पैसे धंद्यात घालून झाला असता तो नफा बुडाला, त्याचं काय? अशा एकेका अपवादाला मान्यता मिळत गेली. गरिबांना अल्प आकार घेऊन कर्ज देणाऱ्या, चर्चच्या आश्रयाने चाललेल्या पेढ्यांना 1515 मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने संमती दिली. 1545 च्या एका पत्रात प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनने वचनांच्या हेतूवर बोट ठेवलं. मोशेच्या नियमशास्त्रात ज्याच्याकडून व्याज घेऊ नको म्हटलंय तो अडचणीत सापडलेला गरीब भाऊ आहे. धंदा वाढवायला भांडवल उचलणारा श्रीमंत व्यापारी त्यात येत नाही. गरिबाकडून घेऊ नका, पिळवणूक करू नका, या मर्यादेत व्याजाला हरकत नाही. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, मात्र 1745 मध्येही पोप चौदाव्या बेनेडिक्टच्या पत्रातून जुनी बंदी पुन्हा सांगितली. पुढे ती व्यवहारात सैल होत गेली, आणि 1917 च्या चर्च कायद्याने वाजवी व्याजाला जागा दिली.

कॅल्व्हिनचा हा फरक आपल्या भागाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली. त्यानंतर 1879 मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी आलेला दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा ज्या चार जिल्ह्यांसाठी होता त्यांत सातारा होता. निर्गमातलं वचन कुणाबद्दल आहे हे कर्जापायी जमीन गेलेल्या घराला लगेच कळतं. म्हणून मला वाटतं, ते वचन रद्द झालेलं नाही. बँकेच्या ठेवीला ते लागू नसेल, पण महिन्याला दहा टक्क्यांनी पैसे लावणाऱ्या खाजगी सावकाराला ते आजही तितकंच लागू आहे, आणि तो सावकार चर्चला येणारा असेल तर जास्तच.

हे झालं पहिलं उत्तर. वचनाचा हेतू कायम असतो. परिस्थिती बदलली की त्या हेतूला धरून नियम वेगळा दिसतो. बहुतेक पाळक उपदेशात हेच उत्तर देतात. पण सगळीकडे ते पुरत नाही.

सुंतेचा वाद

ख्रिस्ती मंडळीतला पहिला मोठा वाद नव्या करारातच नोंदलेला आहे, आणि माझ्या मते या विषयाची किल्ली तिथेच सापडते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10 ते 15.

सुरुवातीचे सगळे ख्रिस्ती यहुदी होते. मग परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले लोक विश्वास ठेवू लागले. त्यांची सुंता करायची की नाही? करायलाच हवी असं म्हणणाऱ्यांची बाजू वचनाच्या दृष्टीने कमजोर मुळीच नव्हती. उत्पत्ती 17 मध्ये देव अब्राहामाला स्पष्ट सांगतो की सुंता हा सर्वकाळचा करार आहे आणि जो सुंता करून घेणार नाही त्याला लोकांतून काढून टाकावं. 'सर्वकाळचा' याच्याइतकं पक्कं वचन आणखी कुठलं हवं? तरीही इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेमेत जमलेल्या प्रेषितांनी आणि वडिलांनी निर्णय दिला की परराष्ट्रीयांवर सुंतेचं ओझं टाकायचं नाही.

ते या निर्णयाला कसे पोचले, तो क्रम नीट पाहावा. अध्याय 10 मध्ये पेत्र यापोत घराच्या धाब्यावर प्रार्थना करत असतो. त्याला दृष्टांत होतो, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. तेवढ्यात दारात माणसं येतात, कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने पाठवलेली. पेत्र त्यांच्याबरोबर कैसरीयाला जातो, एका परराष्ट्रीयाच्या घरात पाऊल टाकतो आणि बोलत असतानाच तिथल्या लोकांवर पवित्र आत्मा उतरतो. ना सुंता, ना बाप्तिस्मा, काहीही होण्याच्या आधी. पुढे यरुशलेमेच्या बैठकीत आधी पेत्र हा अनुभव सांगतो. मग बर्णबा आणि पौल परराष्ट्रीयांमध्ये काय घडलं ते सांगतात. त्यानंतर याकोब उठतो आणि आमोस संदेष्ट्याचं वचन काढून म्हणतो, हे तर लिहिलेलंच होतं.

आमोसाचं वचन शेकडो वर्षं तिथेच होतं. कर्नेल्य भेटेपर्यंत ते या प्रश्नाचं उत्तर आहे हे कुणाला दिसलं नव्हतं. आधी माणूस दारात येतो, मग वचन पुन्हा वाचलं जातं. चर्चच्या इतिहासात मोठे बदल झाले तिथे हाच क्रम मला पुन्हा पुन्हा दिसतो.

त्या बैठकीतून परराष्ट्रीय मंडळ्यांना पत्र गेलं. 'पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले' असं त्यात आहे. चार गोष्टींपासून दूर राहा म्हटलं होतं: मूर्तींना अर्पण केलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती घरांत अजून बोलल्या जातात. गावच्या यात्रेचं बोलावणं येतं. बकरा देवाला कापलेला असतो. जेवायला जायचं की नाही? काही घरं जातात, काही जात नाहीत, काही जातात पण मटण बाजूला ठेवतात. रक्तीचंही तसंच, एका घरात आवडीने होते आणि दुसऱ्या घरात चालत नाही.

आता गंमतीची नव्हे, महत्त्वाची गोष्ट अशी की याच प्रश्नावर खुद्द पौल काही वर्षांतच वेगळ्या सुरात लिहितो. 1 करिंथ 8 मध्ये तो म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नाही, त्यामुळे त्या अन्नाने आपण देवापासून दूरही जात नाही आणि जवळही येत नाही. पण तुझ्या खाण्यामुळे एखादा दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर खाऊ नकोस. नियमाची जागा भावाच्या काळजीने घेतली. रक्ताची अटही पाश्चात्त्य चर्चमध्ये हळूहळू मागे पडली. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन लिहितो तेव्हा त्याच्या भागात ती फारशी पाळली जात नव्हती. यात्रेच्या जेवणाचा निर्णय घेणारं आपल्याकडचं घर म्हणजे खरं तर दोन हजार वर्षं चाललेल्या अर्थ लावण्यात सामील झालेलं घर आहे.

शास्त्राच्या आतच शास्त्र पुन्हा वाचलं गेलंय, हे एकदा दिसलं की सगळीकडे दिसू लागतं. अनुवाद 23 म्हणतं, षंढाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. यशया 56 म्हणतं, करार पाळणाऱ्या षंढाला मी माझ्या घरात मुलामुलींपेक्षाही श्रेष्ठ नाव देईन. आणि प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये फिलिप्प ज्याला रस्त्यात बाप्तिस्मा देतो तो कूशी अधिकारी षंढच आहे, आणि तो रथात बसून यशयाच वाचत असतो. घटस्फोटाबद्दल विचारल्यावर येशू म्हणतो की मोशेने तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे तशी मुभा दिली, पण आरंभापासून असं नव्हतं. म्हणजे नियमशास्त्रातली एक तरतूद माणसांच्या तेव्हाच्या कुवतीला धरून होती, असं प्रभूच सांगतो. यातून दुसरं उत्तर निघतं. देव बदलत नाही, पण माणसाला पेलेल तेवढंच तो एका वेळी देतो. योहान 16 मध्ये येशू शिष्यांना म्हणतो की मला अजून पुष्कळ सांगायचंय, पण आता तुम्हांला ते सोसवणार नाही. सत्याचा आत्मा येईल तो तुम्हांला सर्व सत्यात नेईल.

वाढ म्हणायचं की बदल?

तिसरं उत्तर कॅथलिक परंपरेत सगळ्यात नीट मांडलं गेलं. 434 च्या सुमारास लेरिन्सच्या व्हिन्सेंट नावाच्या संन्याशाने कसोटी दिली: जे सर्वत्र, सर्वकाळ आणि सर्वांनी मानलं ते धरावं. हे वाक्य फार उद्धृत होतं, पण त्याच लिखाणात तो पुढे काय म्हणतो ते सांगायचं राहून जातं. धर्मात प्रगती व्हावीच, असं तो म्हणतो. लहान मुलाचं शरीर वाढून मोठा माणूस होतो, अवयव तेच राहतात, माणूस तोच राहतो. अशी वाढ चालेल. एका वस्तूची दुसरीच वस्तू होणं चालणार नाही.

1845 मध्ये इंग्लंडच्या जॉन हेन्री न्यूमनने हाच विचार सविस्तर मांडला. तो तेव्हा अँग्लिकन पंथातून कॅथलिक पंथात जाण्याच्या उंबरठ्यावर होता आणि हाच प्रश्न त्याला छळत होता: आजचं चर्च पहिल्या शतकातल्या चर्चसारखं दिसत नाही, मग ते तेच कसं? खरी वाढ आणि बिघाड यांतला फरक ओळखायला त्याने सात खुणा दिल्या. मूळ तत्त्व टिकलं का, नवं मत जुन्याला पुष्ट करतं की खोडून टाकतं, अशा प्रकारच्या.

या उत्तराचं सगळ्यात बळकट उदाहरण म्हणजे त्रैक्य, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण. हा शब्द पवित्र शास्त्रात कुठेही नाही. 325 मध्ये नायसिया इथे बिशपांची परिषद भरली ती एरियसच्या शिकवणीमुळे. पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, असं एरियस शिकवत होता, आणि त्याच्याकडेही वचनं होती. परिषदेने पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं म्हटलं, तेही शास्त्राबाहेरची संज्ञा वापरून. परिषदेची बाजू लढवणाऱ्या अथानासियससारख्यांचं म्हणणं होतं की शास्त्राचा अर्थ राखण्यासाठीच ती संज्ञा लागते. मंडळ्या पहिल्यापासून ख्रिस्ताला प्रार्थना करत होत्या, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देत होत्या. नायसियाने त्या उपासनेतलंच शब्दांत मांडलं. ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही इथेच पाय रोवून उभ्या आहेत. पहिल्या सात परिषदांनी जे ठरवलं ते पुरेसं, त्यात नवं काही वाढत नाही, फक्त ते नव्या काळाशी बोलतं, अशी त्यांची भूमिका.

पण 'वाढ' या शब्दाला ताण कुठे पडतो तेही पाहायला हवं. 1864 मध्ये पोप नवव्या पायसने चुकीच्या मतांची यादी काढली, तीत धर्मस्वातंत्र्याविषयीची आधुनिक मतं होती. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की धर्मस्वातंत्र्य हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क आहे. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातली फाशीबद्दलची शिकवण बदलून ती अमान्य ठरवली. बीज आणि झाड यांचं नातं इथे दाखवता येतं, पण कष्टाने.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा मार्ग वेगळा. त्यांच्या मते परिषदा आणि पोप चुकू शकतात, म्हणून सगळं पुन्हा पुन्हा शास्त्राच्या कसोटीवर घासायचं. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या 1647 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात तर शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी सारख्या स्पष्ट नाहीत, असं सरळ लिहिलंय. आणि तो विश्वासांगीकारही दुरुस्त झाला. देवाने तारणासाठी निवडलेली बालकं लहानपणी मेली तर तारली जातात, असं त्यात होतं. मग न निवडलेली? हा प्रश्न पाळण्याशेजारी बसलेल्या आईला कसा विचारायचा? 1903 मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने जाहीर केलं की बालपणी मेलेलं कुठलंही मूल नाश पावतं असा याचा अर्थ नाही. याच चर्चच्या मिशनने 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उघडला होता. कॅथलिक चर्चनेही बाप्तिस्मा न झालेल्या बालकांबद्दल 2007 मध्ये, ऑगस्टिनच्या कठोर मतापासून फार दूर येत, त्यांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं पोपच्या धर्मविद्या आयोगाकडून म्हटलं. दोन टोकांच्या परंपरा, दोन वेगळे रस्ते, आणि दोन्हींना ढकलणारी एकच गोष्ट: मूल गमावलेली घरं.

बालकांच्याच बाप्तिस्म्यावरून एक काळ रक्त सांडलं होतं. लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नाही, मोठेपणी समजून घेतलेलाच खरा, असं शिकवणाऱ्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये झुरिकमध्ये नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे सुधारणावादी प्रॉटेस्टंटच होते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा बॅप्टिस्ट आणि बालकांना बाप्तिस्मा देणारे पंथ एका चर्चमध्ये आले आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. आपल्याकडे सातारा-वाईच्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेतल्या, सांगली-मिरजेच्या प्रेस्बिटेरियन. गाव बदललं की पंथ बदलायचा. हिंदू बहुसंख्य देशात मूठभर ख्रिस्ती एकमेकांच्या प्रभुभोजनाला बसत नाहीत, हे दृश्य इथल्या लोकांना युरोपातल्या लोकांपेक्षा आधी असह्य झालं.

साताऱ्यात त्याच्याही आधी एक मोठा प्रयोग होऊन गेला. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात चालणार होते. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण मंडळीची सीमा कुठे आखायची, हा यरुशलेमेच्या बैठकीचाच प्रश्न त्यांनी मराठी मातीत विचारला होता. आपण त्यांची भजनं 'उपासना संगीत' उघडून दर रविवारी गातो. त्यांचा हा प्रश्नही आपण तितक्याच आपुलकीने घ्यायला हवा होता.

जिथे 'वाढ' म्हणून चालत नाही

आता गुलामगिरी. इथे वर दिलेली तिन्ही उत्तरं तोकडी पडतात, असं मला वाटतं.

अमेरिकेत गुलाम राखणारे पाळक आणि मळेवाले शास्त्र सोडून बोलत नव्हते. 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' हे इफिसकरांस 6 मध्ये आहे. लेवीय 25 परक्या देशातले दास विकत घ्यायला मुभा देतं. पौलाने ओनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवलं. शब्दाला शब्द लावून वाचलं तर त्यांच्याकडे वचनं भरपूर होती. गुलामगिरी मोडू पाहणारे देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाकडे बोट दाखवत. माणूस पळवून विकणाऱ्याला मृत्युदंड सांगणाऱ्या निर्गम 21 कडे आणि ख्रिस्तात दास नाही, स्वतंत्र नाही म्हणणाऱ्या गलतीकरांस 3 कडे. 1845 मध्ये अमेरिकेतले बॅप्टिस्ट याच वादावरून फुटले.

शास्त्राची ताकद कुठे आहे हे मालकांनाही कळत होतं, याचा पुरावा उरलाय. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तीत योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ती कथा ठेवली, आणि इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटतात तो भाग गाळला. पण निर्गमाची कथा गुलामांपर्यंत पोचायची ती पोचलीच. ती त्यांच्या गाण्यांत शिरली. जे वचन मालक टाळत होते ते गुलाम पाठ म्हणत होते, आणि खरा अर्थ त्यांनाच लागला होता.

या लढ्याकडे आपल्याकडचंही लक्ष होतं. ज्यांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, त्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून.

या बाबतीत आधीची शिकवण म्हणजे बीज होतं आणि आताची म्हणजे झाड, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते पाप होतं. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरी या बिशपाने माणूस विकत घेणाऱ्याला, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तू कशी लावलीस, अशा अर्थाचा जाब विचारला होता. म्हणजे आधी कुणाला दिसतच नव्हतं असंही नाही. सदर्न बॅप्टिस्ट चर्चने 1995 मध्ये ठराव करून गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल माफी मागितली. चौथं उत्तर हेच: चर्च चुकलं आणि पश्चात्ताप करतं. दर रविवारी आपण उपासनेत पापांगीकार करतो तो व्यक्तीपुरताच असतो असं कुठे लिहिलंय?

गॅलिलिओचं प्रकरण याच रांगेत येतं, पण ते सगळ्यांना ठाऊक असल्याने थोडक्यात. यहोशवा 10 मध्ये सूर्य थांबला म्हणून पृथ्वी स्थिर, या वाचनावर 1633 मध्ये त्याला दोषी ठरवलं, आणि 1992 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेव्हाच्या धर्मपंडितांची चूक मान्य केली.

मग असं वाटेल की बदल म्हणजे नेहमी पुढचं पाऊल. तसंही नाही. 1933 मध्ये जर्मनीत 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या गटाने नव्या काळाला साजेसं चर्च घडवायचं ठरवलं. यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना चर्चच्या पदांवरून काढा, जुना करार टाकून द्या, अशा मागण्या झाल्या. 1934 मध्ये बार्मेनला जमून त्यांना विरोध करणारे लोक जुन्या विश्वासांगीकाराला घट्ट धरून उभे होते. तिथे वचन नव्याने वाचणारे चुकले आणि जुनं धरणारे बरोबर ठरले. पुराणमतवादी भाऊबहिणी, काळाच्या मागे वाहवत जाऊ नका, असं सांगतात तेव्हा मला बार्मेन आठवतं आणि त्यांचं म्हणणं हलकं वाटत नाही. फरक मात्र दिसतो. कर्नेल्याच्या वेळी दार उघडलं होतं. जर्मनीत आत असलेल्या, बाप्तिस्मा झालेल्या माणसांना बाहेर काढलं जात होतं. ऑगस्टिनची एक जुनी कसोटी इथे कामी येते: ज्या अर्थाने देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलं नाही.

ग्रंथ कायम ठेवून वाचन बदलण्याचा हा अनुभव ख्रिस्ती लोकांपुरता नाही. महात्मा गांधींना अस्पृश्यता मोडायला शास्त्राधार हवा होता तेव्हा वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्यांना मदत केली होती. कृष्णेकाठच्या माणसांना हे काम नवं नाही.

आजचे प्रश्न

स्त्रियांच्या सेवेचा प्रश्न आपल्याकडे अर्धा सुटलाय. 1 तीमथ्य 2 म्हणतं, स्त्रीने शिकवू नये. रोमकरांस 16 मध्ये फिबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे, आणि 1 करिंथ 11 मध्ये स्त्रिया मंडळीत प्रार्थना करतात, संदेश देतात, फक्त डोकं झाकून. आपल्या मंडळ्यांत बायका आजही उपासनेत पदर डोक्यावर घेतात. ज्या अमेरिकेतून मिशनरी आले तिथे ही रीत जवळपास गेली. कुठलं वचन त्या काळापुरतं आणि कुठलं कायमचं, हे प्रत्येक मंडळी आपल्या नकळत ठरवत असते. 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं तेव्हा तिथल्या विधवा आणि मुली प्रार्थना करत, साक्ष देत गावोगाव गेल्या. कुठल्या परिषदेने आधी परवानगी दिली नव्हती. 2013 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने पहिली स्त्री बिशप नेमली. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद नाही, आणि येशूने बारा पुरुष निवडले यातून ती मर्यादा घालून दिलेली आहे असं ते मानतात.

जातीबद्दल मराठी ख्रिस्ती माणसाने गप्प बसू नये. आपल्यातली बहुसंख्य घरं दलित समाजातून आली, आणि तरी शंभर वर्षं आपण शास्त्र वाचत होतो ते मिशनरी पंडितांच्या डोळ्यांनी. 1981 मध्ये बंगळुरूला अरविंद निर्मळ यांनी एका व्याख्यानात दलित अनुभवातून ईश्वरविद्या मांडायला सुरुवात केली. पुढे त्यांनी अनुवाद 26 मधला इस्राएलचा जुना अंगीकार घेतला, 'माझा मूळ पुरुष भटकणारा अरामी होता', आणि विचारलं की आपण आपल्या दुःखाचा असा अंगीकार का करत नाही? वचन तीन हजार वर्षं जुनं. ते आपलं आहे हे सांगायला आपल्यातलाच माणूस लागला.

आणि शेवटी समलिंगी लोकांचा प्रश्न, ज्यावर आज जगभर चर्च दुभंगतायत. 2023 च्या डिसेंबरात व्हॅटिकनने विवाहाची शिकवण न बदलता अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली आणि आफ्रिकेतल्या अनेक बिशपांनी ती नाकारली. 2024 मध्ये युनायटेड मेथॉडिस्ट चर्चने समलिंगी पाळकांवरची आणि समलिंगी विवाह लावण्यावरची जुनी बंदी काढली. विरोधी बाजूचं म्हणणं वजनदार आहे. गुलामगिरी आणि स्त्रिया यांच्याबाबत शास्त्रात दोन्ही अंगांची वचनं सापडतात, इथे मात्र जिथे उल्लेख आहे तिथे निषेधच आहे, आणि उत्पत्तीतली विवाहाची घडण स्त्री-पुरुषांचीच आहे. दुसरी बाजू म्हणते की त्या वचनांसमोर होतं ते शोषण आणि मूर्तिपूजेतला अनाचार, एकनिष्ठ सहजीवन नव्हे. आणि षंढाला मंडळीबाहेर ठेवणाऱ्या नियमाचं यशयाने काय केलं ते पाहा.

माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पण आपल्या मंडळ्यांत हा विषय निघतो तेव्हा ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते तिथे नसतात, किंवा असतात पण बोलू शकत नाहीत, हे मला खुपतं. गलतीकरांस 2 मध्ये पौल यरुशलेमेच्या एका भेटीची आठवण सांगतो; बहुतेक अभ्यासक ती सुंतेच्या निर्णयाचीच बैठक मानतात. तो लिहितो की बर्णबाबरोबर मी तीतालाही नेलं. तीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता, त्याची सुंता झालेली नव्हती. ज्याच्याबद्दल वाद चालला होता तो माणूस पौलाने मुद्दाम बरोबर आणला होता.